शिरस्त्राणांवरील पलटणींच्या खुणा

सैनिकाच्या अंगावरील सर्व वस्तूंमध्ये शिरस्त्राण ही सर्वांत चिवट वस्तू होय. गणवेशाला कसर लागते, जोडे झिजतात, पट्ट्याचे चामडे कडक होऊन तुटते. पण डोक्यावरचा टोप मात्र माळ्यावर, कोठीच्या खोलीत किंवा भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात पन्नास-शंभर वर्षे टिकून राहतो. त्याचा मालक कोण होता, तो कोणत्या पलटणीत होता, कोणत्या आघाडीवर लढला, हे सांगणारी माणसे तोवर गेलेली असतात. मागे उरतात त्या टोपावरील काही खुणा : एखादा पितळी बिल्ला, कापडाचा चौकोनी तुकडा, रंगवलेला आकडा, काठाच्या आतील बाजूस ठोकलेली दोन-तीन अक्षरे. या खुणा वाचण्याची एक रीत आहे. ती अवघड नाही; मात्र तिला सबुरी लागते, आणि आपल्याला जे वाचावेसे वाटते ते बाजूला ठेवून जे प्रत्यक्ष दिसते तेवढेच वाचण्याची तयारी लागते.

या विषयावरील परदेशी ग्रंथांत उदाहरणे येतात ती बहुधा फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड येथील. मराठी वाचकाच्या हाती असा टोप लागेल तो पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, बेळगावकडील एखाद्या निवृत्त सुभेदाराच्या घरी, किंवा नोकरीनिमित्त दूर जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या ट्रंकेत. म्हणून येथे उदाहरणेही शक्यतो त्याच परिसरातील घेतली आहेत. त्यांतील एक बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधील आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेल्या, आगर तलावाशेजारच्या या वसाहतीत आमच्या शेजारी एक निवृत्त मराठी अभियंते राहतात. त्यांच्या घरी त्यांच्या आजोबांचा पोलादी टोप आहे. रंग हिरवा, ठिकठिकाणी उडालेला. समोरच्या बाजूस त्या हिरव्या रंगाखालून अंधुक दिसणारा पांढरा ‘५’. आणि काठाला तीन भोके. घरातील समजूत अशी की आजोबा ‘पाचव्या मराठा’ पलटणीत होते, इटलीच्या लढाईत त्यांनी हा टोप घातला होता आणि ती भोके जर्मन गोळ्यांच्या ठिकऱ्यांची आहेत. “तुम्ही पुस्तके वाचता, एकदा पाहून सांगा,” असे म्हणून त्यांनी तो टोप माझ्यासमोर ठेवला. त्या टोपाकडे पुढे परत येऊ. त्याआधी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट ही की ‘पलटणीची खूण’ ही कल्पनाच मुळात अर्वाचीन आहे. आपल्या संग्रहालयांतून जिरेटोप, साखळ्यांची झालर लावलेले पोलादी टोप, नाकावर येणारी सरकती पट्टी असलेली शिरस्त्राणे पाहावयास मिळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रास्त्रांच्या दालनात उभे राहिले की मनात सहज येते, हा टोप कोणत्या सरदाराच्या पथकातील असेल? परंतु त्या काळच्या फौजांना एकसारखा गणवेश नव्हता आणि पथकाचा क्रमांक टोपावर घालण्याची चालही नव्हती. त्यांवर अक्षरे आढळतात ती शिलेखान्याची, म्हणजे वस्तू कोणाच्या कोठारात जमा होती याची. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बिकानेरचे. इ. स. १६८९ मध्ये मोगलांनी अदोनीचा किल्ला घेतला तेव्हा बिकानेरचे महाराजा अनूपसिंह मोगलांच्या बाजूने दख्खनमध्ये होते. तेथील लुटीतील चिलखते आणि टोप बिकानेरला गेले, आणि तेथील शिलेखान्यात त्यांवर बारीक टिंबे ठोकून देवनागरीत नोंदी करण्यात आल्या. आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेल्या या वस्तू त्या टिंबांच्या अक्षरांवरून ओळखल्या जातात. दख्खनी कारागिराने घडवलेला टोप, अंगावर राजस्थानी कोठाराची नोंद आणि मुक्काम परदेशी कपाटात! तो कोणी घातला, हे मात्र त्या नोंदीवरून कळत नाही. खूण मालकीची आहे की वापराची, हा प्रश्न प्रत्येक टोपाला विचारला पाहिजे, तो यासाठी.

पलटणींना आकडे, ठराविक रंग आणि बिल्ले मिळाले ते कवायती फौजांच्या काळात. हिंदुस्थानात सापडणाऱ्या ब्रिटिश टोपांवरील पितळी पट्टे वाचताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात : आकडा आणि मुकुट.

इंग्लंडमधील पायदळाला १८७८ मध्ये निळ्या कापडाने मढवलेले, वर टोकदार अणी असलेले शिरस्त्राण मिळाले. त्याच्या समोर ताऱ्याच्या आकाराची पितळी पट्टी असे आणि तिच्या मध्यभागी रेजिमेंटचा क्रमांक. परंतु १ जुलै १८८१ पासून तेथील रेजिमेंटांचे क्रमांक जाऊन त्यांना परगण्यांची आणि प्रांतांची नावे मिळाली. म्हणजे नियमित पायदळाची, मध्यभागी केवळ आकडा असलेली अशी पट्टी १८७८ ते १८८१ या अवघ्या तीन वर्षांतील असते. यामुळेच तिला संग्राहकांच्या बाजारात भाव आहे आणि यामुळेच तिच्या नकलाही पुष्कळ आहेत.

मुकुटाची खूण त्याहून सोपी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील बिल्ल्यांवर मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला आणि त्यानंतरच्या बिल्ल्यांवर घुमटासारखा वर फुगलेला मुकुट आला. तो सहाव्या जॉर्जच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५२ पर्यंत चालला. एलिझाबेथच्या काळात पुन्हा दबलेल्या कमानींचा मुकुट आला. भारतात १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट जाऊन त्याच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. तेव्हा घुमटी मुकुटाचा बिल्ला ‘आजोबांच्या वडिलांनी १८८० साली काबूलला घातलेला’ असे कोणी सांगू लागले, तर नम्रपणे नकार द्यावा. (२०२२ मध्ये तिसरा चार्ल्स राजा झाला, त्याने पुन्हा घुमटी मुकुट निवडला. त्यामुळे नवा कोरा बिल्ला थोडा काळवंडून ‘पहिल्या महायुद्धातला’ म्हणून विकणाऱ्यांची सोय झाली आहे.)

बिल्ल्यावरील चित्रांत एक हत्ती महाराष्ट्राशी फार जवळून निगडित आहे. भोकरदनजवळच्या असई या गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत असलेल्या ब्रिटिश पलटणींना आपल्या चिन्हात हत्ती आणि ‘असई’ हे नाव मिरवण्याचा मान मिळाला. ७४ वी हायलँड रेजिमेंट त्यांपैकी एक. १८८१ मध्ये ती ७१ व्या रेजिमेंटशी जोडली जाऊन हायलँड लाइट इन्फंट्री झाली आणि हत्ती नव्या बिल्ल्यावर आला. १९ व्या ड्रॅगून घोडदळाकडेही हाच हत्ती होता. म्हणून हत्ती दिसला की पलटण ठरली, असे होत नाही. हत्तीशेजारचे शिंग किंवा अक्षरे पाहावी लागतात. वाघाचेही तसेच. लीस्टरशायर रेजिमेंटचा वाघ ‘हिंदोस्तान’ या शब्दासह १८२५ पासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील २६ व्या भारतीय डिव्हिजनचा वाघ त्रिकोणातून बाहेर पडताना दाखवलेला आहे. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. आमच्या पूर्वजांच्या पराभवाचे स्मरण स्कॉटलंडमधील एखाद्या गावात कोणी छातीवर आणि डोक्यावर वागवीत होता, ही गोष्ट मराठी वाचकाला थोडी खुपते; पण खूण वाचताना ती तशीच वाचावी लागते.

हिंदी सैन्याच्या आकड्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि घरोघरच्या दंतकथा येथेच अडखळतात. १९०३ पूर्वी बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या पलटणींचे क्रमांक वेगवेगळे होते. त्यामुळे एकाच वेळी ‘पाचवी’ पायदळ पलटण तिन्ही इलाख्यांत असू शके. १९०३ मध्ये लॉर्ड किचनेर यांनी सर्वांची एकच मालिका केली. मद्रासच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात साठ आणि मुंबईच्या आकड्यात शंभर मिळवले की बहुधा नवा आकडा येतो. तिसरी बॉम्बे लाइट इन्फंट्री १०३ वी मराठा झाली, पाचवी १०५ वी, दहावी ११० वी. खडकीचे सॅपर्स तिसरे झाले आणि बंगळूरच्या मद्रास सॅपर्सना दुसरा क्रमांक मिळाला. मद्रास सॅपर्सचे ठाणे १८३४ पासून बंगळूर येथे आहे. त्यांच्या ज्या बिल्ल्यावर ‘मद्रास’ हा शब्द नसून नुसता ‘२’ आहे, तो १९०३ ते १९२३ या काळातील समजावा.

त्यानंतर १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी अनुक्रमे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या पहिली ते पाचवी बटालियन झाल्या, आणि ११४ वी ही दहावी, म्हणजे बेळगाव येथील प्रशिक्षण बटालियन झाली. १९४५ मध्ये रेजिमेंटच्या नावामागील ‘पाचवी’ हा आकडाही गेला.

आता ‘पाचवी’ या एका शब्दाचे काय काय अर्थ होतात ते पाहा. १९०३ पूर्वीची ‘पाचवी बॉम्बे’. १९२२ ते १९४५ मधील सबंध ‘पाचवी मराठा’ रेजिमेंट. त्या रेजिमेंटमधील ‘पाचवी बटालियन’, जी पूर्वीची ११७ वी. आणि दुसऱ्या महायुद्धातील ‘पाचवी भारतीय डिव्हिजन’. यांत आणखी एक भर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आजही ‘काली पाँचवी’ या नावाने ओळखली जाते. ती दुसरी असून पाचवी कशी? तर १९०३ पूर्वी ती मुंबई इलाख्याची पाचवी होती म्हणून. सरकारी कागदावरून आकडा दोनदा बदलला, पण शिपायांच्या तोंडून तो गेला नाही. जुने आजोबा ‘मी पाचवीत होतो’ असे म्हणाले, तर त्यांना यांपैकी काय अभिप्रेत होते हे जन्मसाल आणि भरतीचे साल पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही.

येथे एक महत्त्वाची अडचण लक्षात घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धापर्यंत मराठा शिपायाच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतेच, फेटा होता. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात गेल्या आणि १९१५-१६ मध्ये कूत येथील वेढ्यात अडकल्या. त्या वेळच्या ‘मराठा शिपायाची सोला टोपी’ म्हणून कोणी वस्तू दाखवली, तर ती पलटणीची असली तरी शिपायाची नव्हे. ती घालणारा ब्रिटिश अधिकारी असणार.

सोला टोपी म्हणजे आपल्या भेंडाची टोपी. ज्या पांढऱ्या हलक्या भेंडापासून लग्नातील बाशिंगे करतात, त्याच्याच थरांवर कापड चढवून ती बनवीत. पुढे बुचाच्या सालीपासून केलेली, मागे लांब उतार असलेली वोल्सली पद्धतीची टोपी सैन्यात रूढ झाली. तिच्याभोवती सुती कापडाच्या निऱ्या गुंडाळीत. या कापडाला इंग्रज ‘पगडी’च म्हणत, साहेबाच्या टोपीला आपली पगडी अशी कायमची चिकटलेली आहे. पगडीच्या डाव्या बाजूस कापडाचा एक रंगीत तुकडा शिवीत आणि पलटणीची ओळख बहुधा त्यावरून पटते. पितळी बिल्ला काढून दुसरा लावणे दोन मिनिटांचे काम आहे; परंतु कापडाचा तुकडा जुन्याच दोऱ्याने शिवलेला असेल, त्याच्याखालील कापड बाजूच्या कापडापेक्षा कमी विटलेले असेल, तर तो मूळचा, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. बिल्ला काढलेल्या टोपीवरही त्याची फिकट न झालेली सावली राहते. ती सावली आणि आता लावलेला बिल्ला यांचे आकार जुळत नसतील, तर बिल्ला मागाहूनचा. बंगळूरला सापडणाऱ्या अशा टोप्यांपैकी काही सैन्याच्या नसून बंगळूर रायफल व्हॉलंटिअर्ससारख्या युरोपीय व अँग्लो-इंडियन स्वयंसेवकांच्या दलांच्या असू शकतात. मुंबईकडे जी. आय. पी. रेल्वेच्या स्वयंसेवकांचेही असेच आहे. आठवड्यातून एकदा कवायत करणारा रेल्वेतील कारकून आणि सरहद्दीवर लढणारा कॅप्टन यांच्या टोप्या दुरून सारख्याच दिसतात.

पोलादी टोप आला तो १९१५ च्या शरदात. खंदकांत वरून पडणाऱ्या ठिकऱ्यांनी डोक्याला जखमा होऊ लागल्या तेव्हा जॉन ब्रोडी याने पसरट काठाचा, उथळ परातीसारखा टोप तयार केला. तो मँगेनीजयुक्त कठीण पोलादाचा असे आणि त्याचे वजन साधारण एक किलोग्रॅम भरे. १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत तो आघाडीवर सर्वत्र पोहोचला. त्याचीच सुधारलेली दुसरी आवृत्ती दुसऱ्या महायुद्धात वापरात होती आणि तीच हिंदी पलटणींना मिळाली. शीख शिपाई मात्र आपला फेटाच बांधीत. भारतीय घरांत आढळणारे पोलादी टोप बहुधा या दुसऱ्या आवृत्तीचे असतात.

या टोपांवर रंगाने खुणा करण्याची पद्धत देशादेशांत निराळी होती. त्यांत अत्यंत पद्धतशीर खुणा अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनच्या. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरताना त्यांनी टोपाच्या बाजूस पत्त्यांची चिन्हे काढली होती : ५०१ व्या रेजिमेंटला चौकट, ५०२ व्या रेजिमेंटला बदाम, ५०६ व्या रेजिमेंटला इस्पिक आणि ३२७ व्या ग्लायडर रेजिमेंटला किलवर. चिन्हाभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक छोटी रेघ असे. ती तीनवर असली तर पहिली बटालियन, सहावर दुसरी, नऊवर तिसरी आणि बारावर मुख्यालय. रात्रीच्या अंधारात विखुरलेल्या माणसांनी एकमेकांना हुडकावे, यासाठी ही योजना होती. जर्मन टोपांवर दोन्ही बाजूंस ढालीच्या आकाराची चित्रे चिकटवीत. त्यांपैकी राष्ट्रीय रंगांची ढाल १९४० मध्ये बंद झाली. त्याआधीच्या अणीदार कातडी टोपांत कातड्यावरच रेजिमेंटचा आणि कोठाराचा शिक्का, सालासह, मारलेला असे. वाचणाऱ्याला याहून अधिक काय हवे!

हिंदी डिव्हिजनांची चिन्हे वाचकांना ठाऊक असतील : चौथीचा तांबडा गरुड, पाचवीचा काळ्यावर तांबडा गोळा, सातवीचा सोनेरी बाण, सतरावीची काळी मांजर, आठवीची तांबड्या जमिनीवरील पिवळी क्लोव्हरची पाने. परंतु ही चिन्हे मुख्यतः बाहीवर आणि मोटारींवर असत. आघाडीवरील टोपावर जाळी आणि गोणपाटाच्या चिंध्या बांधून तो जितका दिसेनासा करता येईल तितका करीत. चकचकीत तांबडा गरुड रंगवलेला टोप बाजारात दिसला की आनंदापेक्षा संशय आधी यावा.

रंगापेक्षा अधिक विश्वसनीय असतात ते ठसे. टोप उलटा धरून काठाच्या आतील बाजूस, हनुवटीचा पट्टा अडकवण्याच्या कडीजवळ, पाहावे. तेथे कारखान्याची अक्षरे, पोलादाच्या घाणीचा क्रमांक आणि पुष्कळदा साल असते. अस्तरावरही कारखाना, माप आणि साल छापलेले असते. टोपाचे साल अस्तराच्या सालाआधीचे असेल तर नवल नाही, कारण अस्तर झिजून बदलले जाई. परंतु टोपाचे साल जर घरात सांगितल्या जाणाऱ्या लढाईच्या नंतरचे असेल, तर गोष्ट तेथेच संपली. लक्षात ठेवावे की हे ठसे कारखान्याचे आहेत. पलटण त्यांवरून कळत नाही, केवळ टोप त्या सालाआधीचा नाही एवढे कळते.

एक ठसा असा आहे की जो ठसा म्हणून ओळखलाच जात नाही. ब्रिटनमध्ये युद्धकाळात प्रत्येक टोपाचे पोलाद तपासले जाई. जे टोप आघाडीवर पाठवण्याइतके मजबूत ठरत नसत, पण ठिकऱ्यांपासून आणि पडणाऱ्या विटांपासून बचाव करण्यास पुरेसे असत, त्यांच्या काठाला मुद्दाम गोल भोके पाडीत आणि ते हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या नागरी दलांना देत. त्या दलांची अक्षरे समोर रंगवलेली असत : वॉर्डनला ‘डब्ल्यू’, पोलिसांना ‘पोलीस’ हा शब्द किंवा त्याचे आद्याक्षर, इतरांना इतर.

आता शेजाऱ्यांच्या टोपाकडे वळू. ती तीन भोके मी बोट फिरवून पाहिली. तिन्ही सारख्या मापाची, पूर्ण गोल आणि काठावर ओळीने पाडलेली होती. ठिकरीने पडलेल्या भोकाची कड फाटते आणि एका बाजूला बाहेर येते. येथे तसे काही नव्हते. शिवाय भोकांच्या आतल्या कडेवरही जुना रंग होता, म्हणजे भोके आधी पडली आणि रंग नंतर लागला. कारखान्याच्या अक्षरांशेजारी १९४१ हे साल होते. मग संध्याकाळी खोलीतील दिवे मालवून, टोपाला जवळजवळ समांतर असा विजेरीचा झोत टाकला. असा तिरपा प्रकाश टाकला की वरच्या रंगाखालील जुन्या रंगाच्या कडा उंचवट्यासारख्या दिसू लागतात. ‘५’ तर होताच. त्याच्या वर, हिरव्या रंगाखाली पूर्ण झाकले गेलेले एक मोठे इंग्रजी अक्षर उमटले. ते ‘डब्ल्यू’ होते.

शेजारी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे हा लढाईतला नाही?”

पुढील काम टोपाचे नव्हते, कागदांचे होते. ट्रंकेच्या तळाशी आजोबांचे सेवामुक्तीचे पत्र निघाले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते हे खरेच. पण बेळगावच्या प्रशिक्षण बटालियनमध्ये, आणि डोळ्यांच्या विकारामुळे १९४१ मध्येच त्यांना घरी पाठवण्यात आले होते. इटलीत गेले होते ते त्यांचे धाकटे बंधू. मराठा पलटणींनी तेथे मोठा पराक्रम केला. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांना आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी कृत्ये घडली. घाडगे यांना तो मान मरणोत्तर मिळाला. त्या आघाडीच्या गोष्टी धाकट्या बंधूंनी घरी सांगितल्या असणार, आणि दोन भावांच्या गोष्टी तीन पिढ्यांत एकमेकींत मिसळल्या. आजोबा स्वतः सैन्यातून आल्यावर मुंबईच्या गोदीत कारकून झाले आणि तेथेच वॉर्डनचे काम करू लागले. हिरव्या रंगाचा उलगडा शेजाऱ्यांच्या वयोवृद्ध काकांनी दूरध्वनीवर केला : शाळेत असताना गणेशोत्सवातील नाटकात शिपायाचे सोंग होते, त्यासाठी त्यांनीच तो टोप रंगवला होता.

गोदी म्हटल्यावर १४ एप्रिल १९४४ हा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवरील कापसाला आग लागली. बोटीत कापसाबरोबर सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती. चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली, आग विझवताना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. भारतात दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो याच दिवसाच्या स्मरणार्थ. त्या दिवशी आजोबा दोन रात्री घरी आले नव्हते, असे काकांनी आपल्या आईकडून ऐकले होते. त्या दोन रात्री हाच टोप त्यांच्या डोक्यावर होता काय? टोप हे सांगत नाही. ‘५’ हा कदाचित वॉर्डनच्या चौकीचा क्रमांक असेल. तो रेजिमेंटचा नव्हे, एवढेच निश्चित म्हणता येते, कारण तो ‘डब्ल्यू’बरोबरच, त्याच रंगाने काढलेला आहे.

अशी तपासणी घरी करताना काही पथ्ये पाळावीत. टोप घासू नये, पितळ चिंच लावून चकचकीत करू नये आणि वरचा रंग खरवडून खालचा पाहण्याचा मोह आवरावा. तिरप्या प्रकाशाने जे दिसते ते पुरे असते. ओरखड्यांच्या आत शिरलेला रंग त्या ओरखड्यांनंतरचा असतो, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी बनावटगिरी उघडी पडते. कापडी तुकड्यांसाठी नोटा तपासण्याचा जांभळा दिवा उपयोगी पडतो : दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेल्या उजळक द्रव्यांनी धुतलेला किंवा रंगवलेला दोरा त्याखाली निळसर पांढरा चमकतो. जुन्या कापडावर चमकणारा टाका दिसला, तर तो टाका अलीकडचा. मात्र असा टोप कधी आधुनिक साबणाने धुतला असेल तर सगळेच कापड चमकते, आणि मग या परीक्षेला अर्थ राहत नाही. पहिल्या महायुद्धातील काही ब्रोडी टोपांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसचे तंतू आढळले आहेत. म्हणून असा टोप मुलांच्या डोक्यावर ठेवू नये आणि त्याचे अस्तर झटकू नये.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. १९१६ चा टोप आता या व्याख्येत येतो. १९४१ चा अद्याप येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातवाने आठवण म्हणून बॅगेत घालून नेण्यापूर्वी काठावरील साल पाहिलेले बरे.

शेजाऱ्यांनी टोपावरील हिरवा रंग काढून टाकण्याचा विचार सोडून दिला. इतकेच की भिंतीवरच्या फळीवर टोपाखाली पूर्वी ‘इटली, १९४४’ अशी चिठ्ठी होती. ती काढून त्यांनी नवी लावली आहे. तिच्यावर आजोबांचे नाव आहे, त्याखाली ‘वॉर्डन, मुंबई’ असे आहे, आणि सेवामुक्तीच्या पत्राची एक प्रत शेजारी टाचली आहे. धाकट्या आजोबांच्या पलटणीचा आणि इटलीतील कामगिरीचा शोध घेण्यासाठी ते आता बेळगावला जाणार आहेत.